होतं तसं, की हवं तसं? व्हिएकेस बेटाच्या दवाखान्याची गोष्ट

मांडवा-अलिबागकडे ज्यांचं घर आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात गेटवेची लाँच बंद झाली की मुंबई एकदम लांब जाते. पण तिथे निदान रस्त्याने वळसा घालून येता तरी येतं. आज ज्या बेटाबद्दल बोलायचंय, तिथे तो वळसासुद्धा नाही.

बेटाचं नाव व्हिएकेस. कॅरिबियन समुद्रात पोर्तो रिको हे अमेरिकेच्या ताब्यातलं मोठं बेट आहे आणि त्याच्या पूर्वेला हे छोटं. लांबी साधारण ३३ किलोमीटर, वस्ती ८ हजारांच्या आसपास. १९४० च्या दशकात अमेरिकन नौदलाने यातली बहुतेक जमीन घेतली आणि लोकांना मधल्या पट्ट्यात सरकवलं. नंतर तिथे अनेक वर्षं बॉम्बफेकीचा सराव चालला. १९९९ मध्ये अशाच एका सरावात तळावरचा स्थानिक सुरक्षारक्षक मारला गेला, मोठं आंदोलन उभं राहिलं आणि २००३ मध्ये सराव थांबला. म्हणजे आपल्यासाठी काय बांधायचं हे दुसरंच कुणीतरी ठरवतं, याचा अनुभव या लोकांना जुनाच होता.

आता दवाखान्याकडे येऊ. १९५० च्या दशकात पोर्तो रिकोने एक आरोग्यव्यवस्था उभी केली. डॉ. गियेर्मो आर्बोना हे तिचे मुख्य शिल्पकार, ते १९५७ मध्ये आरोग्य खात्याचे प्रमुख झाले. कल्पना अशी: प्रत्येक गावाला छोटं केंद्र, त्याच्यावर जिल्ह्याचं रुग्णालय, त्याच्यावर मोठं प्रादेशिक रुग्णालय. साधा ताप गावात बघायचा, अवघड केस वर पाठवायची. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्र आणि जिल्हा रुग्णालयाच्या रचनेशी हे बरंच जुळतं. पुढे १९९३ नंतर सरकारी दवाखाने खासगी हातात जाऊ लागले, विम्याची पद्धत आली आणि ही उतरंड खिळखिळी झाली. तरी गावातलं केंद्र लहान आणि बाकी सगळं ‘वर’, हा विचार तसाच राहिला.

गंमत बघा, या रचनेत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ‘वर’ जायला रस्ता आहे! व्हिएकेसमध्ये वर जायचं म्हणजे समुद्र ओलांडायचा. फेरी चालू असेल तर फेरीने, नाहीतर विमानाने. रस्त्यावरच्या गावात छोटं केंद्र पुरतं. बेटावरचं केंद्र आकाराने तेवढंच ठेवलं, तरी त्याच्यावर पडणारं काम दुप्पट असतं.

२० सप्टेंबर २०१७. मारिया चक्रीवादळ पोर्तो रिकोवर आदळलं, वाऱ्याचा वेग ताशी २५० किलोमीटरच्या घरात. व्हिएकेसची वीज समुद्राखालच्या केबलमधून यायची, ती गेली. बेट वर्षाहून जास्त काळ जनरेटरवर चाललं. सुसाना सेन्तेनो आरोग्य केंद्रात पाणी शिरलं, मग बुरशी धरली आणि इमारत बंद करावी लागली. उपचार हलवले गेले वादळातल्या निवाऱ्यासाठी असलेल्या इमारतीत. डायलिसिसची सोय त्याच केंद्रात होती, तीही गेली. मग किडनीचे रुग्ण आठवड्यातून ३ वेळा छोट्या विमानाने मोठ्या बेटावरच्या उमाकाओला जाऊ लागले. पहाटे निघायचं, चार तास मशीनला, आणि परत. यातले काही जण त्या काळात दगावले.

मारियाच्या मृत्यूंचा सरकारी आकडा आधी ६४ होता. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासानंतर, २०१८ मध्ये, सरकारने २,९७५ हा आकडा मान्य केला. एवढा फरक का? कारण अनेक जण वादळात नव्हे, तर नंतरच्या महिन्यांत गेले. वीज नाही, औषध नाही, दवाखाना नाही. दवाखाना पुन्हा उभा करणं हा मदतकार्याचा शेवटचा टप्पा नसतो, हे या आकड्यांवरून कळतं.

मग नवीन का नाही बांधला लगेच? इथे कायद्याची भानगड येते. अमेरिकेचा आपत्ती-मदतीचा कायदा, १९८८ चा स्टॅफर्ड कायदा, मुळात म्हणतो की आपत्तीच्या आधी इमारत जशी होती त्या हिशेबाने पैसे मिळतील. नियम असा की दुरुस्तीचा खर्च नव्या बांधकामाच्या निम्म्यापेक्षा जास्त असेल, तरच नवीन इमारतीचा विचार. म्हणजे आधी मोजमाप, मग अंदाजपत्रक, मग त्यावर वाद. २०१८ मध्ये अमेरिकन संसदेने मारिया आणि इर्मा वादळांपुरती सवलत दिली. आधीची अवस्था कशीही असो, अत्यावश्यक सेवांच्या इमारती आजच्या मानकांनुसार बांधता येतील. तरीही ‘फेमा’ या केंद्रीय आपत्ती संस्थेने व्हिएकेससाठी सुमारे ३ कोटी ९५ लाख डॉलर जाहीर केले ते जानेवारी २०२० मध्ये. तोवर वादळाला २ वर्षं ४ महिने झाले होते.

त्याच महिन्यात बेटावरची १३ वर्षांची एक मुलगी आजारी पडली आणि मोठ्या बेटावर पोचण्याआधीच गेली. तात्पुरत्या दवाखान्यात तिला लागणारं श्वसनयंत्र नव्हतं, असं घरच्यांचं म्हणणं. लोक रस्त्यावर उतरले. आणि पैसे मंजूर झाल्यावरही प्रत्यक्ष बांधकाम सुरू व्हायला आणखी काही वर्षं गेली.

मला यात खरा प्रश्न आराखड्याचा वाटतो. ‘होतं तसं’ बांधलं, तर भिंती नव्या येतील, पण ‘बाकीचं वर पाठवू’ हा जुना विचार त्याच भिंतींत पुन्हा चिणला जाईल. बेटाचा दवाखाना वेगळ्या प्रश्नापासून सुरू व्हायला हवा: फेरी बंद, विमान बंद, केबल तुटलेली, अशा दिवशी इथे काय करता आलंच पाहिजे? बाळंतपण. डायलिसिस. अत्यवस्थ माणसाला हेलिकॉप्टर येईपर्यंत जिवंत ठेवणं. मग जनरेटर तळमजल्यावर नको, पाण्याच्या टाक्या स्वतःच्या हव्यात, छप्पर आणि खिडक्या वादळाचा मारा सोसणाऱ्या हव्यात. आणि डॉक्टर-नर्सना मुक्कामाला जागा हवी, कारण त्या दिवशी त्यांनाही ये-जा करता येणार नाही. ८ हजार लोकांना हे जास्त होतं, असं कागदावर दिसेल. पण तो हिशेब माणसं मोजून केलेला असतो, मधला समुद्र त्यात धरलेला नसतो.

तुमच्या तालुक्यातलं केंद्र आठवून बघा. पूर आल्यावर तिथला रस्ता किती दिवस बंद असतो, आणि तेवढे दिवस ते केंद्र स्वतःच्या जिवावर चालेल का? मला जरूर लिहून कळवा. पुढच्या भागात भेटूच.