मेंढरांमागून चालत आलेला इतिहास

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

तुकोबारायांची पालखी बारामतीचा मुक्काम उरकून इंदापूरच्या वाटेला लागली, की काटेवाडीला तिचं आगळं स्वागत होतं. परीट समाजाची मंडळी वाटेवर धोतरांच्या पायघड्या अंथरतात आणि मग पालखीभोवती मेंढरांचं रिंगण होतं. पुढे बेलवाडीला आणि इंदापूरला अश्वांचं रिंगण पाहायला गर्दी लोटते. त्या मानाने मेंढरांचं रिंगण साधं. मेंढ्या धावतात, धूळ उडते, धनगर बांधव पालखीला हात जोडतात. मेंढरांवर रोगराई येऊ नये, असं देवाकडे मागणं असतं.

हे रिंगण पाहताना एक प्रश्न मनात येतो. ही मेंढरं आणि त्यांच्यामागे चालणारी ही माणसं या माळावर कधीपासून आहेत? ती आली कुठून?

लिखित इतिहासात शोधायला गेलं, तर हाती थोडंच लागतं. नीरेकाठच्या होळ गावचे मल्हारराव होळकर १६९३ साली जन्मले, मेंढरांमागून निघून माळव्याचे सुभेदार झाले. त्यांची सून अहिल्याबाई. हा इतिहास कागदोपत्री आहे, कारण तिथे दौलत होती, दप्तर होतं. पण जो धनगर मेंढरांमागेच राहिला, त्याचं दप्तर कोणी ठेवलं? ते त्याचं त्यानेच ठेवलं आणि ते ओवीत ठेवलं.

धनगरी ओवी म्हणजे जात्यावरची ओवी नव्हे. ढोल आणि झांजा घेऊन रात्र रात्र चालणारी ती कथा आहे. म्होरक्या गातो, बाकीचे ती ओळ उचलतात. थोडं गाऊन झालं, की तोच प्रसंग गद्यात खुलवून सांगायचा आणि मग पुन्हा गाणं. बिरोबा, म्हस्कोबा, धुळोबा, खंडोबा असे देव आणि त्यांचे भक्त या कथांचे नायक.

आता कोणी म्हणेल, ही तर देवांची गाणी. यात इतिहास कुठला? हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. आफ्रिकेतल्या नायजेरियात बेन्वे नदीच्या खोऱ्यात इडोमा नावाचे लोक राहतात. आपले पूर्वज क्वारराफा राज्यातल्या आपा इथून आले, असं ते पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. तिथेही जुने कागद नव्हते. बेल्जियमचे अभ्यासक यान व्हान्सिना यांनी १९६१ साली आपल्या ग्रंथात मांडलं, की तोंडी परंपरा हेसुद्धा इतिहासाचं साधन आहे. मात्र ती कोण सांगतं, कोणाला सांगतं आणि का सांगतं, हे पारखून घ्यायला हवं.

तीच पारख आपण आपल्याकडच्या कथांना लावून पाहू.

पहिली कथा मेंढरांच्या जन्माची. रसेल या इंग्रज अधिकाऱ्याने मध्य प्रांतातल्या जातींवरच्या १९१६ सालच्या ग्रंथात ती नोंदवली आहे. पहिली मेंढरं-शेरडं वारुळातून बाहेर आली आणि शेतकऱ्यांच्या पिकांत शिरली. नासधूस होऊ लागली तेव्हा शेतकऱ्यांनी महादेवाला साकडं घातलं. महादेवाने मेंढरं राखायला पहिला धनगर निर्माण केला. म्हणून धनगर वारूळ मोडत नाहीत, दिवाळीत त्याची पूजा करतात.

वारुळातून मेंढी निघाली का, हा प्रश्न सोडून देऊ. कथा सांगते ती वेगळीच गोष्ट. धनगर जन्माला आला तोच शेतकऱ्याच्या गरजेतून. पीक आणि मेंढरू यांचं भांडण आहे आणि ते मिटवणं हे धनगराचं काम आहे. प्रत्यक्षातही तसंच घडत आलं. दिवाळीनंतर वाडा घोड्यांवर बिऱ्हाड लादून मावळ-कोकणाकडे निघतो, पावसाच्या तोंडाला परततो. वाटेत पीक निघालेल्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीखताने रान सुधारायचं आणि बदल्यात धान्य किंवा पैसा घ्यायचा, हा जुना करार आहे. तो कुठल्या कागदावर नाही. त्याचं मूळ या कथेत दिसतं.

दुसरी कथा आपल्या सर्वांच्या ओळखीची. जेजुरीच्या खंडोबाची पहिली बायको म्हाळसा लिंगायत वाण्याची, दुसरी बाणाई धनगराची. बाणाईसाठी देव चाकर होऊन राहिला, त्याने मेंढरं राखली, मेंढरं धुतली. म्हाळसा आणि बाणाई यांचं भांडण गाण्यांतून आजही रंगतं. यात पेठ आणि रान यांचा संसार एका देवाच्या घरात मांडलेला आहे. व्यापारी आणि मेंढपाळ एकमेकांना धरून राहत होते, पण त्यांच्यातला मानपानाचा तिढा सुटलेला नव्हता, हे याहून नेमकं कुठल्या दप्तराने सांगितलं असतं?

तिसरी कथा वीरच्या म्हस्कोबाची. पुरंदर तालुक्यातला हा देव मूळचा सोनारीचा भैरव, आपल्या धनगर भक्तामागोमाग तो वीरला आला, असं सांगतात. सोनारी आजच्या धाराशिव जिल्ह्यात, परांड्याजवळ. नकाशावर सोनारी आणि वीर यांना जोडणारी रेघ ओढून पाहा. ती भीमा ओलांडून इंदापूर-बारामतीच्या माळांवरूनच जाते. देवाचा प्रवास हा मेंढरांचाही प्रवास असावा, असं मानायला इथे जागा आहे. कमी पावसाचा हा पट्टा मेंढरांना मानवतो. घाटमाथ्यावरच्या मुसळधार पावसात ती टिकत नाहीत, तिथले गवळी-धनगर म्हशी राखतात. कुठे कोणतं जनावर जगतं, यावर समाजाच्या शाखा पसरत गेल्या.

या कथांचं मोल ओळखून त्यांच्यामागे हिंडणारा अभ्यासक जर्मनीतून आला, हे आपण प्रांजळपणे मान्य केलं पाहिजे. हायडेलबर्ग विद्यापीठातले गुंथर सोन्थायमर धनगर वाड्यांवर बसून ओव्या ध्वनिमुद्रित करत. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांवरचा त्यांचा ग्रंथ १९७६ साली जर्मनमध्ये आणि १९८९ साली इंग्रजीत आला. १९९२ साली ते गेले. त्यांच्या परंपरेत अ‍ॅन फेल्डहाउस यांनी रामदास आतकर आणि राजाराम झगडे यांच्या साथीने बिरोबा आणि धुळोबा यांच्या दीर्घ ओव्या २०१४ साली इंग्रजीत आणल्या. आपल्याकडे डॉ. रा. चिं. ढेरे यांनी १९८४ साली ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात विठ्ठलाचं मूळ गोपजनांच्या, धनगरांच्या देवात शोधलं. विठ्ठल-बिरोबा ही जोडी धनगर आजही एकत्र पूजतात. हे ध्यानात घेतलं, की काटेवाडीचं रिंगण वेगळं दिसू लागतं. ढेऱ्यांचं म्हणणं मान्य केलं, तर ही मेंढरं पाहुणी म्हणून आलेली नाहीत, ती आपल्या घरच्या देवाला भेटायला आलेली असतात.

‘आले कुठून’ याचं एकच उत्तर मात्र ओवी देत नाही. हटकर, खुटेकर, सनगर, शेगर अशा अनेक शाखा आणि प्रत्येकीची वेगळी कहाणी. कर्नाटकातलं चिंचलीचं मायाक्का, मंगळवेढ्याजवळचं हुलजंती, सांगलीकडचं आरेवाडी, सगळी ठाणी या कथांत येतात. भाषेची सीमा त्यांना अडवत नाही. ओवीतून एखादी तारीख किंवा एकच मूळ गाव काढू पाहणं म्हणजे तिच्यावर अन्याय आहे. ही माणसं कशी जगत आली, कोणाशी भांडली आणि कोणाशी जुळवून घेतलं, हे ती सांगते. तेवढं तरी दुसरं कोण सांगतं?

आता ही ओवी ज्या माळावर जन्मली, तो माळच आटतो आहे. १८८० च्या दशकात नीरेचा डावा कालवा आला, पुढे साखर कारखाने आले, १९८० साली उजनी धरण पूर्ण झालं. ऊस आला, सुबत्ता आली. त्यात धनगरांचाही वाटा आहे आणि कोणी त्याबद्दल कुरकुर करू नये. पण उसाच्या रानात मेंढरं बसत नाहीत. वाडा लहान झाला, मुलं शाळेत गेली, ती जायलाच हवीत. रात्रभर गाणारा म्होरक्या मात्र म्हातारा झाला. त्याच्यामागे ओळ उचलणारं कोणी नसेल, तर ती ओवी तिथेच थांबते.

म्हणून एवढंच सुचवावंसं वाटतं. आज प्रत्येकाच्या खिशात आवाज टिपणारं यंत्र आहे. आपल्या गावात ओवी जाणणारा वृद्ध असेल, तर एक संध्याकाळ त्याच्यापाशी बसा. त्याची परवानगी घेऊन ओवी टिपून ठेवा. त्याने ती कोणाकडून शिकली, कुठल्या वाड्यावर गायली, वाटेत कोणती गावं लागत, हेही विचारा आणि तारखेसह लिहून ठेवा. त्याच्या मुलानातवंडांना सोबत बसवलंत तर फारच उत्तम. दप्तर नव्हतं म्हणून ज्यांचा इतिहास लिहिला गेला नाही, त्यांचं दप्तर अजून बोलतं आहे. ते ऐकायचं काम आपलं आहे.