देवीचे आजारपण आणि बेळगाव-निपाणीकडील घर

आमच्या आजीच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. आमच्या दंडावर लसीचा वण आहे. आमच्या विद्यार्थ्यांच्या अंगावर दोन्ही नाहीत. तीन पिढ्यांच्या कातडीवर लिहिलेला हा इतिहास वाचावयाचा, तर सरकारी दप्तराआधी माजघरात डोकावले पाहिजे.

देवीवर उतारा असा नव्हताच. ताप, मग फोड, मग ते पिकून खपल्या गळणे यात सुमारे तीन आठवडे जात. उग्र प्रकारात शंभरांतील तीसएक रोगी दगावत, आणि वाचलेल्यांतील कित्येकांची दृष्टी जाई. तेव्हा जी काही चिकित्सा होती ती शुश्रूषाच. आमच्या भागातील मराठी घरांत ‘देवी आली’ म्हणत, कानडी घरांत ‘अम्मा’. एकाच वाड्यात दोन्ही शब्द ऐकू येत. दाराला कडुलिंबाची डहाळी लागे, फोडणीचा वास वर्ज्य होई, मुलाला पेज वा ताकभात देत, खाज सुटली की लिंबाचा पाला अंगावरून फिरवीत. आजारी मुलावर रागवावयाचे नाही, कारण तो राग देवीवर काढल्यासारखा होई. या आचारास केवळ भोळसरपणा म्हणणे आम्हांस मान्य नाही. खाज कमी करणे, हलके अन्न देणे, मुलाला शांत ठेवणे याहून अधिक त्या काळचा वैद्य तरी काय करणार होता? उशाशी बहुधा वण असलेली म्हातारी बसे. एकदा देवी येऊन गेलेल्यास ती सहसा पुन्हा येत नाही, हे घराने अनुभवाने ओळखले होते.

परंतु याच घराची चूकही मोठी होती. भावंडे त्याच खोलीत निजत. नैवेद्य घेऊन शेजारणी येत. खपल्या लागलेले अंथरूण तसेच वापरात राही. शिवाय निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत रोजाने जाणाऱ्या बाईने तीन आठवडे उशाशी बसावे तरी कसे, हा प्रश्न कोणत्याही आचाराने सोडविला नव्हता.

लस आली ती मुलांच्याच दंडांवरून. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस हिंदुस्थानातील पहिली लस टोचली गेली, आणि तिच्या फोडातील द्रवावरून पुढची मुले टोचली गेली. एका मुलाच्या दंडातून दुसऱ्याच्या दंडात, ही रीत पुढे पुष्कळ वर्षे चालली. परक्या मुलाचा पू आपल्या लेकराच्या अंगात घालू देणाऱ्या आईची भीती आम्हांस समजू शकते. जातीचा विटाळ हा त्या भीतीचा एक भाग होता, सगळी भीती नव्हे. पुढे वासरांच्या कातडीवर लस वाढविण्याची पद्धत आली, आणि त्या कामासाठी बेळगावात टिळकवाडीस संस्था उभी राहिली. ते मैदान लोक अजून ‘व्हॅक्सिन डेपो’ याच नावाने ओळखतात.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. लसीचे काम मात्र जागचे हलले नाही. १९६२ साली राष्ट्रीय देवी-निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. पातळ लस उन्हाळ्यात लवकर निकामी होई, म्हणून गोठवून सुकविलेली लस देशात चार ठिकाणी तयार होऊ लागली. पटवाडांगर, गिंडी व हैदराबाद यांच्या जोडीला चौथे ठिकाण बेळगाव होते. १९७५ च्या मे महिन्यात भारतातील शेवटचा रोगी आढळला, आणि ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली.

भाषेने मात्र या रोगाला अजून सोडलेले नाही. लस टोचण्यास आपले लोक ‘देवी काढणे’ म्हणत. सरकारी टोचणाऱ्यासही देवीचेच नाव घेऊन दारी यावे लागे. आमच्या मेजावर येणाऱ्या रजेच्या अर्जांत आजही एखादे पालक ‘मुलास देवी आल्या आहेत’ असे लिहितात. असतात त्या कांजिण्या. आम्ही शब्द दुरुस्त करीत नाही. शेवटची खपली सुकेपर्यंत मुलाला घरीच ठेवा, एवढे अर्जाखाली लिहून सही करतो.