नेमाडे, भालचंद्र वनाजी

नेमाडे, भालचंद्र वनाजी : (27 मे 1938 – ). मराठी कादंबरीकार, कवी, समीक्षक आणि तौलनिक साहित्याचे प्राध्यापक. जन्म जळगाव जिल्ह्यातील यावल तालुक्यात, सांगवी या गावी शेतकरी कुटुंबात. सातपुड्याच्या पायथ्याची जी सलग पट्टी वऱ्हाडात परतवाडा-अचलपूरपासून पश्चिमेकडे खानदेशापर्यंत जाते, तिच्यातच हे गाव येते. त्यामुळे वऱ्हाड आणि खानदेश यांचे कृषिजीवन, बोली आणि पंथपरंपरा यांतील जवळीक नेमाडे यांच्या लेखनाची पार्श्वभूमी समजून घेताना उपयोगी पडते.

नेमाडे यांचे पदवीचे शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. पुढे डेक्कन महाविद्यालयात त्यांनी भाषाविज्ञानाचा आणि मुंबई विद्यापीठात इंग्रजी साहित्याचा पदव्युत्तर अभ्यास केला. भाषेची घडण आणि साहित्याची घडण या दोहोंचा विचार एकत्र करण्याची जी सवय त्यांच्या समीक्षेत दिसते, तिचा पाया या दुहेरी शिक्षणात आहे. अहमदनगर, धुळे आणि औरंगाबाद येथे अध्यापन केल्यावर काही काळ त्यांनी लंडन येथील प्राच्य व आफ्रिकी विद्या संस्थेत शिकवले, त्यानंतर गोवा विद्यापीठात ते इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि 1990च्या दशकात मुंबई विद्यापीठाच्या गुरुदेव टागोर तौलनिक साहित्य अध्यासनाचे प्रमुखपद त्यांनी सांभाळले.

तौलनिक साहित्य म्हणजे एका भाषेची सीमा ओलांडून केलेला साहित्याचा अभ्यास. एका साहित्याचा दुसऱ्यावर झालेला प्रभाव, परस्परांशी संबंध नसतानाही दोन साहित्यांत आढळणारी साम्ये, आणि कादंबरीसारखा वाङ्मयप्रकार एका समाजातून दुसऱ्यात जाताना त्याच्यात होणारी स्थित्यंतरे, हे या शाखेचे प्रमुख विषय होत. भारतात एकाच राज्यात, पुष्कळदा एकाच घरातही, अनेक भाषा नांदत असल्याने या शाखेला येथे विशेष महत्त्व आहे. नेमाडे यांनी मराठीवरील इंग्रजीच्या प्रभावाचा समाजभाषावैज्ञानिक आणि शैलीवैज्ञानिक अभ्यास इंग्रजी ग्रंथरूपाने 1990 मध्ये प्रसिद्ध केला. समाजभाषाविज्ञान भाषेतील बदलांचा संबंध समाजरचनेशी जोडते, तर शैलीविज्ञान लेखनातील भाषिक निवडीचे विश्लेषण करते. या दोन्ही अंगांनी पाहिल्यामुळे प्रभावाचा प्रश्न उसन्या शब्दांच्या यादीपुरता उरत नाही, तर वाक्यरचना आणि विचारपद्धती यांच्यापर्यंत पोचतो.

तुलना करताना मोजमाप कोणाचे वापरायचे, हा त्यांच्या समीक्षेचा मध्यवर्ती प्रश्न आहे. देशीवाद या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या भूमिकेनुसार साहित्य ही विशिष्ट भूमीत, भाषेत आणि समाजात रुजलेली कृती असते. परक्या साहित्याचे संस्कार स्वीकारणे स्वाभाविक असले, तरी ते स्वतःच्या परंपरेत मुरवून घ्यावे लागतात आणि पाश्चात्त्य निकष सार्वत्रिक मानून देशी साहित्याचे मूल्य ठरवणे अयोग्य ठरते. या विचाराला वारकरी आणि महानुभाव परंपरांचा आधार आहे. साहित्य अकादेमीसाठी त्यांनी वारकरी संत तुकारामांवर इंग्रजीत लिहिलेले छोटे पुस्तक 1980 मध्ये प्रसिद्ध झाले.

महानुभाव परंपरेमुळे हा विचार वऱ्हाडातील परतवाडा परिसराशी थेट जोडला जातो. परतवाड्याच्या पूर्वेस मोर्शी तालुक्यात असलेले रिद्धपूर हे चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांचे वास्तव्यस्थान असून, तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी तेथेच महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी संकलित करून 'लीळाचरित्र' सिद्ध केले, आणि मराठीतील आद्य गद्यग्रंथाचा मान त्याला दिला जातो. इंग्रजी अमलाच्या कित्येक शतके आधी बोलीच्या अंगाने जाणारे समर्थ कथनात्म गद्य मराठीत होते, हे या ग्रंथावरून स्पष्ट होते; म्हणूनच मराठी गद्याची तुलना केवळ युरोपीय नमुन्यांशी करणे अपुरे आहे, या म्हणण्याला त्यातून भक्कम पुरावा मिळतो. रिद्धपूर येथे आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाल्याने या परंपरेच्या अभ्यासाला त्याच भूमीत संस्थात्मक आधार लाभला आहे.

'कोसला' (1963) ही त्यांची पहिली कादंबरी. खेड्यातून पुण्याला शिकायला आलेल्या पांडुरंग सांगवीकरच्या या कथनात बोलभाषा, रोजनिशी आणि जुन्या बखरींची शैली एकत्र येतात. इंग्रजीसह अनेक भाषांत तिचे अनुवाद झाले आहेत. 'बिढार', 'हूल', 'जरीला' व 'झूल' या कादंबऱ्यांच्या चतुष्टयात महाविद्यालयीन प्राध्यापकाचे जीवन येते, तर 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' (2010) मध्ये उपखंडाच्या दीर्घ सांस्कृतिक इतिहासाचा आढावा आहे. 'मेलडी' आणि 'देखणी' हे त्यांचे कवितासंग्रह. साठच्या दशकातील लघुनियतकालिकांच्या, म्हणजे प्रस्थापित मासिकांबाहेर अल्प साधनांवर निघणाऱ्या अंकांच्या, चळवळीत 'वाचा'चे संपादक म्हणून त्यांचा सहभाग होता. मराठी कादंबरीवरील निबंधात त्यांनी 'यमुनापर्यटन', 'मुक्तामाला' आणि 'मोचनगड' या एकोणिसाव्या शतकातील कृतींच्या आधारे तीन प्रवृत्ती मांडल्या व समाजवास्तवाला भिडणाऱ्या पहिल्या प्रवृत्तीला श्रेष्ठ मानले.

'टीकास्वयंवर' या समीक्षाग्रंथासाठी 1990 चा साहित्य अकादेमी पुरस्कार, 2011 मध्ये पद्मश्री आणि 2014 चा ज्ञानपीठ पुरस्कार हे त्यांना मिळालेले प्रमुख सन्मान होत. देशीवाद संकुचित अस्मितेकडे झुकू शकतो, असा आक्षेप अनेक अभ्यासकांनी घेतला आहे आणि तो गंभीरपणे घेण्याजोगा आहे. तथापि या वादामुळेच मराठी समीक्षेला स्वतःचे निकष तपासणे भाग पडले, आणि भारतीय भाषांनी परस्परांकडे इंग्रजीच्या मध्यस्थीवाचून पाहावे ही अपेक्षा तौलनिक अभ्यासासमोर ठामपणे उभी राहिली, हे नेमाडे यांच्या अध्यापनाचे आणि लेखनाचे टिकाऊ फलित आहे.