तापनियंत्रक, मोटारगाडीचा

तापनियंत्रक, मोटारगाडीचा : एंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याची वाट तापमानानुसार उघडणारी व मिटणारी झडप. व्यवहारात ती ‘थर्मोस्टॅट’ म्हणूनच ओळखली जाते. ही संज्ञा अँड्रू यूर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञांनी १८३० मध्ये द्विधातवीय पट्टीच्या साधनासाठी योजिली.

फोर्ड कंपनीच्या बहुतेक ‘मॉडेल टी’ गाड्यांत (१९०८–२७) पाणी केवळ तापून हलके झाल्याने फिरत असे. पंप रूढ झाल्यावर थंड एंजिन लवकर तापेना, म्हणून झडपेची गरज भासली. आरंभीच्या झडपेत ईथर वा अल्कोहॉल भरलेला धातूचा भाता असे. तो फुटल्यास झडप उघडी राही व एंजिन बचावे. मात्र दाबाखालील शीतनपद्धतीत भाता बेभरवशाचा ठरला आणि १९३०–४० या दशकात सर्जियस व्हर्नेट यांनी विकसित केलेला मेणाचा प्रकार पुढे सार्वत्रिक झाला. मेण वितळताना प्रसरण पावून झडप उघडते (बहुधा ८२° से. च्या आसपास), पण बिघडल्यास ती मिटलेलीच राहू शकते, हा त्यातील धोका होय.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून फियाट व नंतर पद्मिनी या पाणथंड एंजिनाच्या गाड्या महाराष्ट्रभर पसरल्या. उष्ण हवामानात झडप अनावश्यक, असे मानून ती काढून टाकण्याची प्रथा पडली. ही समजूत चुकीची आहे. थंड राहिलेल्या एंजिनात पेट्रोल वंगणतेलात मिसळते व सिलिंडर झिजतात. शिवाय जेथे झडपच उपमार्गही बंद करते, तेथे ती काढल्यास काही पाणी रेडिएटर टाळून परत फिरते आणि एंजिन उलट अधिक तापते.

घिवलीसारख्या किनारी गावात (जि. पालघर) विहिरीचे मचूळ पाणी रेडिएटरात भरल्यास क्षार साचून झडप अडकते. लगतच्या तारापूर अणुवीज केंद्रातील (१९६९) संघनकांना समुद्राचे पाणी चालते, मोटारीला नाही.

झडप घरीही बदलता येते. एंजिन पूर्ण थंड झाल्यावरच रेडिएटरचे झाकण उघडावे. तापलेले पाणी उसळून गंभीर भाजते. थोडे पाणी काढून झडपेवरील आवरणाचे बोल्ट सोडवितात. काढलेली झडप तापमापकासह भांड्यातील पाण्यात तापवून पाहिली, तर दोष कळतो. नव्या झडपेचा मेणाचा भाग एंजिनाकडे ठेवून, जुने गॅस्केट खरवडून नवे बसवितात. शेवटी शीतनद्रव भरताना अडकलेली हवा काढून टाकतात.