चुंबकबलाचें माप

होकायंत्राची सुई उत्तर दाखविते. पण पृथ्वी तिला किती जोरानें वळविते, हें मोजावें कसें? हंबोल्टनें १८०२ सालीं पेरू देशांत चुंबकीय विषुववृत्तावर सुईचे हेलकावे मोजले. पुढें तेथील बल ‘एक’ धरून इतर स्थळांचें बल सांगण्याचा प्रघात पडला. परंतु कांहीं वर्षांनीं हेलकावे मंदावले, तर पृथ्वीचें बल घटलें कीं सुईचेंच चुंबकत्व ओसरलें?

गटिंगेनच्या गाउसनें १८३२ सालीं हा पेच सोडविला. हेलकाव्यांवरून या दोहोंचा गुणाकार मिळतो. तेंच चुंबक दुसऱ्या सुईस किती वळवितें, यावरून भागाकार. दोन्ही हातीं येतांच पृथ्वीचें बल लांबी, वस्तुमान व काळ यांच्याच परिमाणांत मांडतां आलें.

या युक्तीचें मोल आपल्या शेजारींच दिसतें. मुंबईंत विजेच्या ट्राम येणार, म्हणून कुलाब्याचे चुंबकीय वेध १९०४ पासून अलिबागेस घेऊं लागले. स्थळ बदललें, उपकरणें बदललीं. तरी जुन्या-नव्या नोंदी ताडून पाहतां येतात.

१९६० सालीं ‘टेस्ला’ हें आंतरराष्ट्रीय एकक ठरलें. एक टेस्ला म्हणजे १०,००० गाउस. नांव बदललें, पण आजोबांची नोंद नातवास वाचतां येते, ती गाउसच्याच पुण्याईनें.