हिंगण्याची वाट

कर्वेनगरात भाड्याने राहायला येऊन मला चार वर्षं झाली. कर्वे रस्त्यावरच्या गर्दीत रोज पाऊण तास जातो आणि त्याबद्दल मी रोज कुरकुरतो. ज्यांच्या नावाचा हा रस्ता, त्या धोंडो केशव कर्व्यांबद्दल मला शाळेतल्या सनावळीपलीकडे काही माहीत नव्हतं. १८९६ साली विधवांसाठी आश्रम, १९१६ साली महिला विद्यापीठ, १९५८ साली भारतरत्न. मागच्या पावसाळ्यात त्यांचं ‘आत्मवृत्त’ हाती आलं आणि या सनांच्या मधली वर्षं दिसली.

त्यात चालणं फार आहे. शाळकरी वयात परीक्षेसाठी हा मुलगा कोकणातल्या मुरूडहून सह्याद्री ओलांडून साताऱ्याला पायी गेला. तिथे ‘वय लहान दिसतं’ म्हणून त्याला परीक्षेलाच बसू दिलं नाही. आला तसा परत गेला. पुढे १८८४ साली गणित घेऊन बी.ए. झाला. १८९३ साली कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला, तेव्हा त्याच मुरूडने त्यांच्यावर बहिष्कार घातला.

१९०० साली आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर, एका झोपडीत गेला. कर्वे दिवसा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत, संध्याकाळी चालत हिंगण्याला जात आणि सकाळी परत येत. पावसाळ्यात वाटेत नुसता चिखल. ते हिंगणे म्हणजेच आजचं कर्वेनगर.

पण ही ताकद एकट्याची नव्हती. गोदूबाई, म्हणजे बाया कर्वे, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. नवरा रोज संध्याकाळी हिंगण्याला निघून गेला की मुलंबाळं आणि संसार त्यांच्याकडे. कर्व्यांनी आपली विम्याची पॉलिसीही आश्रमाला देऊन टाकली, तेव्हा त्यांना ते मुकाट्याने सोसवलं नाही. ते सोसवलं नाही, हे मला बरं वाटतं. नागपूरला जाऊन त्यांनी सुईणीचं काम शिकून घेतलं, घराला हातभार लावला. त्यांनी आपली हकीकत ‘माझे पुराण’मध्ये सांगितली आहे. ‘आत्मवृत्ता’च्या शेजारी ते पुस्तक ठेवल्याशिवाय या वाटेचा हिशेब पुरा होत नाही.

वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९३६ साली, कर्व्यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी नवी संस्था काढली आणि लहानसहान वर्गण्या गोळा करत पुन्हा पायी फिरू लागले.

एका रविवारी मी फर्ग्युसनच्या फाटकापासून हिंगण्याच्या संस्थेपर्यंत चालून पाहिलं. सव्वा तास लागला. पाय दुखले नाहीत, नुसता कंटाळा आला. अवघड काय असेल ते तिथे उमगलं: चिखल, बहिष्कार, टोमणे यांच्यापेक्षाही, उद्या संध्याकाळी पुन्हा निघायचं आहे हे.

सोमवारी मी गाडीच काढली.