तीन साक्षीदार आणि एक चूक

तीन साक्षीदार एकच जबानी देऊ लागले, म्हणजे चाणाक्ष न्यायाधीश आधी पाहतो की, या तिघांचे आपापसांत काही ठरले तर नाही ना? संगणकाच्या आज्ञावलीविषयी हाच प्रश्न विज्ञानाला विचारावा लागला.

एक आज्ञावली १,००० वेळांत एकदा चुकत असेल, तर निरनिराळ्या माणसांनी लिहिलेल्या दोन आज्ञावल्या एकदम चुकण्याची संभाव्यता १० लाखांत एक, असा सरळ गुणाकार होता. जेथे माणसांचे प्राण यंत्राच्या हाती, तेथे हा हिशेब मोठा दिलासा देणारा!

पण १९८५ साली एकहार्ट आणि ली यांनी गणिताने दाखविले की, प्रश्नातील काही जागा साऱ्यांनाच अवघड असतील, तर हा गुणाकार फसतो. पुढच्याच वर्षी अमेरिकेत जॉन नाइट आणि नॅन्सी लेव्हसन यांनी प्रयोगाचा निकाल प्रसिद्ध केला. दोन विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनी एकाच प्रश्नावर २७ आज्ञावल्या वेगवेगळ्या लिहिल्या होत्या. प्रत्येकीची १० लाख वेळा परीक्षा झाली. एकेकटी पाहता बहुतेक आज्ञावल्या उत्तम होत्या. परंतु अनेकींनी एकदमच चुकण्याचे प्रसंग गुणाकाराच्या अंदाजाहून कितीतरी अधिक निघाले. साक्षीदारांचे आपापसांत काही ठरले नव्हते. वाटेतला खड्डाच सर्वांना एक होता.

तेव्हा अंदाज अचूक व्हायचा, तर नुसते दशांश वाढवून भागत नाही. हिशेबाच्या मुळाशी असलेले गृहीतच आधी साक्षीला उभे करावे लागते.